नाही म्हटलं तर गोळ्या बंद होतील का?

नव्या औषधाच्या चाचणीच्या संमतीपत्रावर अंगठा उठवायला मंदाबाईंनी शाईच्या पॅडकडे हात नेला, तेव्हा मी त्यांना थांबवलं. चाचणीचं कामकाज बघणारी स्टडी कोऑर्डिनेटर माझ्याकडे बघतच राहिली. तिनं नुकतंच वीस मिनिटं बसून, चांगल्या मराठीत, सगळं समजावून सांगितलं होतं आणि मंदाबाई वाक्यावाक्याला ‘हो जी’ म्हणत होत्या. मला थांबवावंसं वाटलं ते त्या ‘हो जी’मुळेच.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांचं समुपदेशन करते. गावाकडची माणसं रुग्णालयाला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात. इथं अधूनमधून नव्या औषधांच्या चाचण्या चालतात आणि त्यासाठी रुग्ण आमच्या ओपीडीतूनच घेतले जातात. ज्याला वाचता येत नाही त्याच्या संमतीला त्रयस्थ साक्षीदार लागतो, म्हणून त्या दिवशी मला बोलावलं होतं. (मंदाबाई आणि त्यांचा मुलगा राहुल ही नावं बदललेली आहेत, घरचे काही तपशीलही.)

मी विचारलं, “मंदाबाई, आज घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल?”

“सांगन की नवं औषध निघालं, साहेबानं राहुलले द्याचं ठरवलं. मी अंगठा देला.”

“आणि अंगठा नाही दिला तर?”

त्यांनी संमतीचं चित्रीकरण करणाऱ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. “तर मंग ह्या गोळ्या बंद होतीन नं जी?”

‘आमच्यावर प्रयोग करतेत का?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारतं, कधी घाबरून, कधी चिडून. त्याच्या पोटातला हा दुसरा प्रश्न मात्र कोणी तोंडावर आणत नाही. ज्याच्या मनात तो असतो, तो मुकाट ‘हो जी’ म्हणतो.

ह्या गोळ्या म्हणजे हायड्रॉक्सियुरिया, सिकलसेलची दुखणी कमी करणारं औषध. राहुल सोळा वर्षांचा, एसएस पॅटर्न, म्हणजे आईवडील दोघांकडूनही सिकलसेलचा जनुक आलेला. गोळ्या सुरू होण्याआधी वर्षातून चार-चारदा भरती व्हायचा. हातपाय असे दुखायचे की आई रात्रभर गरम कपड्यानं शेकत बसायची. गोळ्यांनंतर पोरगं नियमानं शाळेत जायला लागलं, बारावीपर्यंत पोचलं. त्या गोळ्या बंद होतील या भीतीनं आई कशावरही अंगठा देईल. हिला संमती कसं म्हणायचं?

कोऑर्डिनेटरनं काही लपवलं नव्हतं, ‘सहभाग ऐच्छिक आहे’ हे वाक्य तिनं दोनदा वाचलं होतं. पण ‘ऐच्छिक’ हा शब्द चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीकडच्या धानाच्या बांधीवर कोण बोलतं? आणि जो डॉक्टर पोराला तपासतो, तोच जेव्हा चाचणीबद्दल सांगतो, तेव्हा आपल्याकडे डॉक्टरसाहेबाला ‘नाही’ म्हणायची रीत नाही. त्यामुळे आता मी सुरुवातच ‘नाही’पासून करते. नाही म्हटलं तरी औषध तेच, डॉक्टर तोच, खिडकी तीच. मध्येच सोडलं तरी तसंच. हे समोरच्याला खरं वाटेपर्यंत पुढचं काही सांगत नाही.

त्या दिवशी कॅमेरा बंद केला आणि माहितीपत्रक त्यांच्या पिशवीत घातलं. म्हटलं, घरी न्या, कोणाकडून तरी वाचून घ्या, घाई नाही.

पुढच्या मंगळवारी मंदाबाई, राहुल आणि राहुलचा मामा आले. वडील कामाला बाहेरगावी, त्यामुळे घरातलं ठरवणारं माणूस म्हणजे मामा. बसायच्या आधीच ते म्हणाले, “मॅडम, लेकरावर उंदरावानी प्रयोग करून रायले का तुमी?” व्हॉट्सअपवर कुठला तरी व्हिडिओ आला होता.

‘असं काही नसतं, अफवा आहेत’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. मी तसं म्हणत नाही, कारण झालेलं आहे. मी त्यांना खम्ममची गोष्ट सांगितली. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवरची लस एका अभ्यासात दिली गेली. त्यात आदिवासी मुली पुष्कळ होत्या, वसतिगृहात राहणाऱ्याही होत्या, आणि कित्येकींच्या संमतीपत्रावर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. २०१० मध्ये तो अभ्यास थांबवावा लागला. संसदेच्या समितीनं २०१३ मध्ये त्यावर कडक अहवाल दिला.

मामा एकदम गप्प झाले. “खम्मम? आमी तिकडेच जातो नं मिरची तोडाले.”

आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडाशी मिरची तोडायला तेलंगणात जातात. मामाही त्यातलेच. त्या गोष्टीनंतर ते भांडायचे थांबले आणि प्रश्न विचारायला लागले. लपवलं नाही की माणूस जवळ सरकतो, असा माझा अनुभव आहे.

कॅमेऱ्याचा विषय मंदाबाईंनीच काढला. “ते शूटिंग पाहून मले धाकच भरला. वाटे, पोलिसावानी नोंदून ठेवून रायले.” मला वाईट वाटलं, कारण कॅमेरा त्यांच्याच बाजूनं लावलेला असतो. चाचण्यांमधल्या गैरप्रकारांवरचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालला, तेव्हा २०१३ मध्ये न्यायालयानं संमतीचं चित्रीकरण करायला सांगितलं. आता २०१९ च्या नियमांप्रमाणे अगदी नव्या औषधाची चाचणी असेल आणि रुग्ण लहान मुलासारखा, सहज दबावाखाली येणारा असेल, तर चित्रीकरण करावंच लागतं. उद्या कोणी म्हणालं की या बाईला सगळं सांगितलं होतं, तर ते खरं की खोटं हे त्यात दिसतं. हे ऐकून त्या म्हणाल्या, “मंग तवा मी घाबरलेली बी दिसत असन.” हो, दिसत असणार.

“डॉक्टरवर कोन ध्यान ठेवते?” मामांनी विचारलं. मी नीतिसमितीबद्दल सांगितलं. कमीत कमी सात माणसं, त्यातली निदान अर्धी रुग्णालयाबाहेरची, अध्यक्षही बाहेरचा. कायदा जाणणारं एक माणूस, निदान एक बाई आणि एक साधा नागरिक, डॉक्टर नसलेला. ही समिती हो म्हणाल्याशिवाय चाचणीत एकही रुग्ण घेता येत नाही. पत्रकावर समितीच्या माणसाचा फोन नंबर असतो. मामांनी तिथल्या तिथे तो लावून पाहिला. पलीकडून उचलला गेला, तेव्हा काय बोलावं ते न सुचून त्यांनी ‘काही नाही जी, नंबर चालू हाय का पाह्यलं’ म्हणून ठेवला. मला हे फार आवडलं. पत्रकावरच्या सीटीआरआय (देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नंबरवरून चाचणीची नोंदणीही मोबाइलवर काढून दाखवली. २००९ पासून अशी नोंदणी सक्तीची आहे आणि कोणालाही फुकट बघता येते. यादीत आमच्या रुग्णालयाचं नाव आलं, तिथं त्यांनी बोट ठेवलं.

सगळ्यांत अवघड भाग पुढचा. या चाचणीत राहुलची हायड्रॉक्सियुरिया चालूच राहणार होती आणि तिच्या जोडीला आणखी एक गोळी. ती काहींना खरी, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कोणाला कोणती ते आधी ठरलेलं नाही.

“म्हंजे भिशीच्या चिठ्ठीवानी?” मंदाबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मला इतका नेमका शब्द सुचला नव्हता. हो, भिशीच्या चिठ्ठीसारखंच. कॉम्प्युटर चिठ्ठी काढतो आणि ती उघडून कोणाला दाखवत नाही, डॉक्टरलाही नाही.

“डॉक्टरलेच मालूम नाही तर मंग इलाज कसा करन तो?” मामांचा प्रश्न रास्त होता. डॉक्टरला माहीत असलं तर खरी गोळी घेणाऱ्याचं दुखणं त्याला कमी वाटायला लागतं, म्हणून झाकून ठेवतात. पण पोराची तब्येत अचानक बिघडली तर चिठ्ठी तातडीनं उघडायची सोय असते. गंभीर त्रास झाला तर डॉक्टरनं २४ तासांच्या आत वर कळवायचं असतं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च रुग्णाकडून घ्यायचा नाही, आणि भरपाई चाचणी करवणाऱ्या कंपनीनं द्यायची.

“मेलं-गेलं तर?” मामा म्हणाले. मंदाबाईंनी राहुलच्या गुडघ्यावर हात ठेवला. मी खरं तेच सांगितलं. त्यासाठीही नियमात हिशेब आहे. वय आणि आजार किती जोखमीचा हे पाहून रक्कम ठरते. कोणालाच आवडलं नाही, मलाही सांगताना आवडत नाही, पण अशा घरी हे आधीच माहीत असलं पाहिजे.

मग मंदाबाईंनी त्यांचा खरा घोर सांगितला. रक्त. राहुलचं हिमोग्लोबिन सात-आठच्या वर जात नाही. “आधीच लेकराच्या अंगात रक्त नाही, आन् हे दर बारीले काढतीन.” पत्रकात १० मिली लिहिलं होतं. मिली म्हणजे किती, हे त्यांना कसं कळावं? मी डब्यातला चहाचा चमचा काढला, रिकाम्या स्टीलच्या वाटीत दोन चमचे पाणी टाकलं आणि वाटी त्यांच्यापुढं सरकवली. “एका वेळी एवढं.” त्यांनी वाटी उचलून तिरपी केली. पाणी एका कडेला जमलं, तेव्हा तळ उघडा पडला. बराच वेळ त्या तिकडे बघत होत्या.

“आन् फायदा कोनाचा?” मामा.

याचं उत्तर मी एकदा चुकीचं दिलं आहे. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाला ‘चांगलंच होईल’ असं म्हणून बसले. पुढं कळलं, त्यांच्या मुलीला औषध नसलेली गोळी लागली होती. तिचे वडील मला म्हणाले, “तुमी म्हनलं होतं मॅडम.” ते वाक्य अजून ऐकू येतं. तेव्हापासून ते दोन शब्द मी वापरत नाही.

मामांना सांगितलं, राहुलला फायदा होईल की नाही हे कोणालाच माहीत नाही, माहीत असतं तर चाचणी कशाला केली असती? पण राहुल रोज घेतो ती हायड्रॉक्सियुरिया सिकलसेलवर चालते हे असंच कळलं. अमेरिका आणि कॅनडात सिकलसेलच्या २९९ मोठ्या माणसांनी चाचणीत भाग घेतला, अर्ध्यांना खरी कॅप्सूल, अर्ध्यांना खोटी. खरी घेणाऱ्यांची दुखणी इतकी कमी झाली की १९९५ मध्ये ती चाचणी ठरल्याआधीच थांबवली. उलटंही सांगितलं. व्हॉक्सेलोटर नावाच्या सिकलसेलच्या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली होती, २०२४ मध्ये कंपनीनं ते जगभरातून मागं घेतलं, कारण पुढच्या अभ्यासांत धोके दिसले. नवं ते चांगलं असतंच असं नाही.

मामांच्या धाकट्या बाळासाठी आशाताई घरी येत होती का, तेही विचारलं. आली होती, वजन करायची, ताप बघायची. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंतच्या या घरभेटी देशभर सुरू झाल्या त्यामागं आपल्या शेजारच्या गडचिरोलीच्या गावांतलं संशोधन आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना बाळांची काळजी घ्यायला शिकवलं, ३९ गावांची दुसऱ्या ४७ गावांशी तुलना केली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी होतात हे दाखवलं. १९९९ मध्ये ते छापून आलं. “म्हंजे आमच्याच इकडच्या बायांवर शिकले?” मामा म्हणाले. त्या बायांनीच करून दाखवलं, मी म्हटलं.

मग मी दोघांना चहाला पाठवलं आणि राहुलशी एकटीनं बोलले. अठराच्या आतल्या मुलाची सही आईबाप करतात, पण सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. ही गोष्ट घाईत हटकून राहते. त्यानं पत्रक पूर्ण वाचलं होतं, दोन ठिकाणी पेन्सिलनं खुणा होत्या.

“मॅडम, सुईचं भेव नाही मले. पन पहिले दोन महिने दर पंधरा दिवसाले याचं लिवलं हाय. माह्या तिकिटाचे पैसे ते देतीन, आईच्या रोवण्याची मजुरी कोन देईन? आन् बारावी हाय.” थोडं थांबून म्हणाला, “सरांना राग येईन का?”

आईचीच भीती, पोराच्या तोंडून. मी म्हटलं, चल, विचारू.

डॉक्टरांच्या खोलीत राहुल स्वतः बोलला. डॉक्टर थोडे हिरमुसले, ते मला दिसलं. त्यांना रुग्णांची गरज होतीच. पण त्यांनी विचारलं ते एवढंच, “सध्या दुखणं कसं आहे?” केसपेपरवर नेहमीचाच डोस लिहिला, ३० दिवस, आणि सीबीसी ही रक्ततपासणी करून यायला सांगितलं.

औषधाच्या खिडकीशी मी मुद्दाम सोबत गेले. मंदाबाई आतल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, हातातल्या चिठ्ठीकडे नाही. त्यानं गोळ्या सरकवल्या. त्यांनी बाकावर बसून पाकिटं मोजली, पुन्हा मोजली, पदराच्या गाठीत बांधावीत तशी पिशवीच्या अगदी आत ठेवली.

पुढच्या महिन्यात पुन्हा दिसल्या. ओपीडीच्या बाकावर नागभीडकडची एक बाई हातात तेच पत्रक घेऊन बसली होती, मांडीवर मुलगी झोपलेली. मंदाबाई तिच्याजवळ सरकून बसल्या होत्या. “रक्त दोन चमचे घेतेत, चाहाचे,” त्या बोटं दाखवून सांगत होत्या. “मी तं नाही म्हनलं. गोळ्या देल्या त्याहीनं, पाह्य.” आणि त्यांनी पिशवी उघडून दाखवली.