आधी पॉलिसी परत करा, मग जहाज ठरवा

कोथरूडचे एक वाचक लिहितात : ‘मी ६० वर्षांचा असून चार महिन्यांपूर्वी चाकणच्या एका कंपनीतून निवृत्त झालो. पत्नी ५७ वर्षांची आहे. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून ८४ लाख रुपये हाती आले. त्यांपैकी ७४ लाख एका बँकेत मुदत ठेवीत आहेत. १० लाख त्याच बँकेतल्या मॅडमच्या सल्ल्याने पाच वर्षांत दुप्पट होणाऱ्या योजनेत ठेवले असून त्याचा बाँड नऊ दिवसांपूर्वी कुरिअरने आला. निवृत्तिवेतन दरमहा ६ हजार, घरखर्च ४५ हजार, घर स्वतःचे. पत्नीची फार दिवसांची इच्छा म्हणून ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावरून कॅरिबियन समुद्राची सात रात्रींची सहल करायची आहे. मुंबईहून विमान, मायामीत दोन दिवस आणि बाल्कनीची केबिन धरून दोघांचे १२ लाख ४० हजार सांगितले आहेत. ठेव मोडावी, की मॅडम म्हणतात तसे ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घेऊन योजनेचे २० लाख आल्यावर फेडावे? बाल्कनी घ्यावी की आतली केबिन? अमेरिकेचा व्हिसा आहे. फेब्रुवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी अटलांटाला जाणारच आहोत. गोड बारा वर्षांपासून बंद असल्याने आणि गोळी चालू असल्याने जहाजावरच्या बुफेचा मला तितकासा उपयोग नाही, हेही लिहून ठेवतो.’

तुमच्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देतो. १२ लाखांच्या ओव्हरड्राफ्टवर, म्हणजे ठेव तारण ठेवून काढलेल्या कर्जावर, ८ टक्क्यांनी वर्षाला सुमारे ९६ हजार रुपये व्याज जाईल, पाच वर्षांत पावणेपाच लाखांहून अधिक, आणि मुद्दल तसेच उभे राहील. म्हणून ओव्हरड्राफ्ट नको, आणि ठेवही या दराच्या सहलीसाठी मोडू नका. सहलीकडे मी पुढे येतोच, कारण ती तुम्ही जरूर करावी असे माझे मत आहे. परंतु पत्रासोबत तुम्ही त्या ‘योजने’च्या कागदांची छायाचित्रे जोडली होती, ती पाहिल्यावर जहाज बाजूला ठेवून त्याच दिवशी तुम्हाला ईमेल करावा लागला. हे उत्तर प्रसिद्ध होईल तेव्हा ती ‘योजना’ परत करण्यासाठी तुमच्या हातात असलेल्या तीस दिवसांपैकी जवळपास अठरा दिवस संपलेले असतील.

ती मुदत ठेव नाही. ती आयुर्विमा पॉलिसी आहे. बाँडच्या पहिल्या पानावरच्या तक्त्यात, मोबाइलवर मोठे करून पाहावे लागते अशा अक्षरांत, तीन ओळी आहेत : वार्षिक हप्ता १० लाख रुपये, हप्ते भरण्याचा कालावधी १० वर्षे, पॉलिसीची मुदत १५ वर्षे. म्हणजे तुम्ही १० लाख एकदा ठेवलेले नाहीत, तर पुढची नऊ वर्षे दरवर्षी १० लाख भरण्याचे कबूल केले आहे. तुमची आयुष्यभराची पुंजी ८४ लाख आहे आणि तुमची सही एक कोटी रुपये भरण्यावर आहे. पुढच्या वर्षी याच सुमारास दुसऱ्या हप्त्याची सूचना येईल, तेव्हा तो कुठून भरायचा याचे एकच उत्तर उरते : ज्या ठेवीच्या व्याजावर घर चालायचे आहे, ती मोडून.

आता ‘दुप्पट’ या शब्दाकडे पाहू. ७२ ला वर्षांनी भागले की दुप्पट होण्यासाठी लागणारा दर साधारण कळतो. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला चौदा टक्क्यांहून अधिक. हमीच्या विमा योजनांचा खरा परतावा, सगळे हप्ते मुदतभर भरले तर, साधारण पाच ते सहा टक्क्यांच्या घरात असतो. तुमच्या सहीच्या लाभ-तक्त्यात पाचव्या वर्षाची ओळ नीट वाचा : तोवर भरलेले ५० लाख एका रकान्यात आहेत आणि पॉलिसी सोडल्यास मिळणारी रक्कम शेजारच्या रकान्यात त्याहून कमी आहे. ‘२० लाख’ हा आकडा संपूर्ण बाँडमध्ये कुठेही नाही. तुम्हाला ही रक्कम करमुक्त मिळेल असेही सांगण्यात आले होते. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा एकूण वार्षिक हप्ता ५ लाखांच्या वर असेल, तर मुदतपूर्तीच्या रकमेतला नफा करपात्र असतो. तुमचा हप्ता त्या मर्यादेच्या दुप्पट आहे.

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट प्रस्ताव अर्जाच्या तिसऱ्या पानावर आहे. तिथे ‘व्यवसाय’ यापुढे ‘सल्लागार’ आणि ‘वार्षिक उत्पन्न’ यापुढे १८ लाख असे लिहिले आहे. निवृत्त माणसाला एवढा हप्ता मंजूर होणार नाही, म्हणून हे उत्पन्न कोणीतरी निर्माण केले. त्याखाली मधुमेहाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ अशी खूण आहे, आणि तुम्ही मला लिहिता की बारा वर्षे गोळी चालू आहे. समजा, पहिल्या तीन वर्षांत तुमचे काही बरेवाईट झाले, तर विमा कंपनी या दोन खोट्या नोंदींवर बोट ठेवून दावा नाकारू शकते, आणि त्या वेळी अर्ज बँकेत भरला गेला हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्या पत्नीवर येईल. पडताळणीचा फोन आला तेव्हा ‘सगळ्याला हो म्हणा’ असे तुम्हाला सांगितले गेले आणि तुम्ही तसे म्हणालात, हेही तुम्ही प्रांजळपणे कळवले आहे. यात तुमचा भाबडेपणा नाही. ज्या शाखेत तीस वर्षे पगार जमा झाला, तिथल्या माणसावर विश्वास ठेवणे साहजिक आहे, आणि नेमक्या त्याच विश्वासाच्या जोरावर निवृत्तीची रक्कम खात्यात पडल्यावर दोन आठवड्यांत अशा पॉलिसी गळ्यात घातल्या जातात. मी हे दर महिन्याला पाहतो आणि दर वेळी तितकाच संताप येतो.

सुदैवाने अजून मार्ग उघडा आहे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसीचा कागद हाती पडल्यापासून तीस दिवसांच्या आत, म्हणजे ‘फ्री लुक’ काळात, ती परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या विमासंरक्षणाचा खर्च, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी हप्ता परत मिळतो. बँकेत जाऊ नका. तिथे तुम्हाला ‘एक वर्ष थांबा, मग काढून देते’ असे सांगितले जाईल, आणि वर्षभराने सरेंडर केले तर हातात येणारी रक्कम पाहून झोप उडेल. थेट विमा कंपनीच्या पुण्यातील शाखेत जा. सोबत मूळ बाँड, रद्द केलेला धनादेश आणि एका पानाचा अर्ज न्या : ‘ही पॉलिसी मुदत ठेव म्हणून विकण्यात आली, प्रस्ताव अर्जातील उत्पन्न व आरोग्याची माहिती चुकीची आहे, फ्री लुकमध्ये रद्द करावी.’ अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. त्याच संध्याकाळी तोच मजकूर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल करा. कुरिअरचे पाकीट, ज्यावर बाँड पोहोचल्याची तारीख आहे, ते जपून ठेवा. कंपनीने टाळाटाळ केली तर नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या पोर्टलवर तक्रार करता येते, १५५२५५ हा त्यांचा क्रमांक आहे. त्याहीपुढे जावे लागले तर विमा लोकपालांचे कार्यालय पुण्यातच, नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

ते १० लाख परत आले असे धरून हिशेब मांडतो. ४५ हजार खर्चातून ६ हजार निवृत्तिवेतन वजा केले, तर पुंजीतून दरमहा ३९ हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख ७० हजार लागतील. व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असे मानले, तर ८४ लाख अठरा वर्षे पुरतील. त्यातून सांगितलेल्या दराची सहल आणि टिप, इंटरनेट अशा वरच्या खर्चाचा एक लाख (त्याचा तपशील पुढे देतो) काढला, तर पंधरा वर्षे. म्हणजे ही एक सहल तुमच्या घराचा तीन वर्षांचा खर्च आहे, आणि पैसे संपतील तेव्हा तुमच्या पत्नी अवघ्या ७२ वर्षांच्या असतील. म्हणून आधी ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी महिन्याला सरासरी साडेवीस हजार पडतात, ते तिमाहीला जमा होतात. १५ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत संयुक्त नावाने ठेवा, तिथून ७.४ टक्क्यांनी सव्वानऊ हजार येतील. निवृत्तिवेतन मिळवून ३६ हजारांची सोय झाली. उरलेल्या ३९ लाखांपैकी निदान ६ लाख आजारपणासाठी वेगळे ठेवा, कारण कंपनीचा सामूहिक आरोग्यविमा निवृत्तीबरोबर संपला असणार आणि दुसऱ्या विम्याचा पत्रात उल्लेख नाही. दोघांसाठी आरोग्यविमा याच महिन्यात घ्या, आणि त्या अर्जात मधुमेह स्वतःच्या हाताने लिहा. बाकीची रक्कम ठेवी आणि चांगल्या हायब्रिड (शेअर आणि कर्जरोखे या दोन्हींत गुंतवणूक करणाऱ्या) म्युच्युअल फंडात विभागता येईल. ठेवींपुरते एवढेच, की सगळ्या एका बँकेत नकोत : ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत ५ लाखांपर्यंतच आहे.

आता जहाज. ते खरोखर पाहण्यासारखे आहे : जानेवारी २०२४ पासून मायामीहून निघणारे, वीस मजली, ३६५ मीटर लांबीचे आणि एका केबिनमध्ये दोघे धरले तरी ५,६०० हून अधिक प्रवासी घेणारे. परंतु तुमच्या दरपत्रकातही एक बारीक ओळ आहे. ‘बाल्कनी’च्या पुढे ‘सेंट्रल पार्क व्ह्यू’ असे लिहिले आहे. ही बाल्कनी समुद्राकडे उघडत नाही. जहाजाच्या मधोमध खऱ्या झाडांची बाग आहे, तिच्याकडे उघडते. तुमच्या पत्नीला पहाटे समुद्र पाहत चहा घ्यायचा आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्या केबिनमधून त्यांना झाडे आणि समोरच्या केबिन दिसतील. शिवाय कर्मचाऱ्यांची टिप माणशी दिवसाला साडेअठरा डॉलरच्या आसपास, म्हणजे दोघांची आठवड्याची सुमारे २६० डॉलर, बंदरांवरच्या सहली आणि इंटरनेट हे सगळे वेगळे आहे. डॉलर ९० रुपये धरला तर वरचा लाख रुपये सहज होतो. आयोजक टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच गोळा केला जाणारा कर, वसूल करतील, तो मात्र विवरणपत्र भरताना तुमच्या नावे जमा मिळतो, त्यामुळे त्याला खर्च मानू नका.

परंतु तुमच्या पत्रातले सर्वांत मौल्यवान वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे. फेब्रुवारीत तुम्ही अटलांटाला जाणारच आहात. मग मुंबईहून दोनदा विमानाचे भाडे कशासाठी? बाळ अडीच-तीन महिन्यांचे झाले, मुलगी सावरली, की मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात अटलांटाहून दोन तासांत मायामी गाठा. त्या वेळी अमेरिकेतली वसंत ऋतूची सुट्टी संपलेली असते, शाळांची उन्हाळी सुट्टी लागायची असते, त्यामुळे भाडी उतरलेली असतात, आणि चक्रीवादळांचा हंगामही १ जूनपर्यंत सुरू झालेला नसतो. ‘आयकॉन’च्याच कंपनीच्या जुन्या, मध्यम आकाराच्या जहाजावर आतली केबिन माणशी सातशे ते नऊशे डॉलरच्या दरम्यान मिळू शकते. भाडे, टिप, अटलांटा–मायामी विमान, हॉटेलची एक रात्र आणि एखादी सहल मिळून दोघांचे सुमारे तीन हजार डॉलर, म्हणजे पावणेतीन लाख होतील. ‘आयकॉन’चाच आग्रह असेल तर आतल्या केबिनसह साडेचार-पाच लाख धरा. एवढा खर्च तुमच्या पुंजीला झेपतो आणि तो निर्धास्तपणे करा.

जहाज सेंट मार्टेन बेटावर थांबणार असेल तर महागडी सहल घेण्याची गरज नाही, धक्क्यावरून फिलिप्सबर्गच्या किनाऱ्यापर्यंत चालत जाता येते. जहाज कंपनीच्या बहामातल्या खासगी बेटावर, कोकोकेवर, किनारा आणि जेवण भाड्यातच आहे, वॉटर पार्कचे पैसे मात्र वेगळे. व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे का ते पाहा, कारण जहाज अमेरिकेबाहेर जाऊन परत येते, आणि प्रत्येक बंदराच्या देशाचे भारतीय पारपत्रासाठीचे नियम आरक्षणापूर्वी तपासा. प्रवासविमा अमेरिकेतल्या संपूर्ण मुक्कामाचा आणि मधुमेह जाहीर करून घ्या. जहाजावरच्या डॉक्टरांचे बिल थेट केबिनच्या खात्यावर चढते आणि अमेरिकेतल्या रुग्णालयाचे एक बिल या सहलीहून मोठे असू शकते.

केबिन आतलीच घ्या. पहाटे दोघांनी चहाचे कप घेऊन उघड्या डेकवर जावे, तिथून समुद्र चारही बाजूंनी दिसतो. आरक्षण मात्र विमा कंपनीचा आवक शिक्का असलेली प्रत मला पाठवल्यानंतरच करा.