न्यूझीलंडमध्ये गाव निवडताना आधी रुग्णालय पाहावे, मग शिकार

सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वय सत्तेचाळीस, वास्तव्य कोल्हापुरात राजारामपुरीत, दुधाळीच्या रेंजवर रायफल चालवण्याचा बऱ्याच वर्षांचा सराव. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसलेला आहे आणि पत्नी नोंदणीकृत परिचारिका आहेत. न्यूझीलंडला कायमचे जायचे झाल्यास, कायद्याने शिकार करता येईल आणि हृदयाचे रुग्णालयही हाताशी राहील असे गाव कोणते, हे आपणांस हवे आहे. मी मूळचा मंगळवार पेठेतला असून आता न्यूझीलंडमधील पामर्स्टन नॉर्थ येथे राहतो. माझ्या मते आपण प्रश्नाचा क्रम बदलावा. शिकारीची प्रसिद्ध ठिकाणे काढून त्यांच्या आसपास रुग्णालय शोधू नये. आधी रुग्णालय ठरवावे, कारण या देशात शिकार जवळपास कुठूनही तासा-दीड तासावर मिळते, हृदयशस्त्रक्रिया मात्र मोजक्या पाच शहरांतच होते.

शिकार इतकी सहज का मिळते, हे आपल्याकडच्या माणसाला पटकन उमजत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि संस्थानी काळात दरबारी शिकारी जिथे होत त्या दाजीपूरच्या रानात आज गवा दिसला तरी माणूस धन्य होतो. न्यूझीलंडचे गणित नेमके उलटे आहे. वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी इथला मूळचा नाही. हरणे, रानडुकरे, बकऱ्या, सगळे बाहेरून आणलेले. तांबडे हरीण १८५१ पासून येत गेले, सिका हरीण आणि वापिती (एल्क) हे मोठे हरीण १९०५ मध्ये आले, आणि आपल्या हिमालयातला ताहर हा रानबकरा १९०४ मध्ये आओराकी-माउंट कुकच्या परिसरात सोडला गेला. त्यांना खाणारा वाघ-बिबट्या इथे नसल्यामुळे ते वाढत गेले आणि मूळची झाडी फस्त करू लागले. म्हणून सरकारला शिकारी माणूस हवाच असतो. देशाची सुमारे एक तृतीयांश जमीन संवर्धन खात्याच्या ताब्यात असून तिच्या बहुतेक खुल्या भागांत हरणाच्या शिकारीचा परवाना ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो. बहुतेक ठिकाणी हंगामाचे बंधन नाही, संख्येचेही नाही. राधानगरीच्या रानात ज्या सांबराचे नुसते दर्शन घेऊन आपण परततो, ते सांबरसुद्धा १८७५ च्या सुमारास सिलोनहून आमच्या मानावातू भागात आणले गेले होते आणि आजही इथे आहे. ते बरेचसे खासगी जमिनींवर असल्यामुळे मालकाच्या परवानगीवाचून तिथे पाऊल टाकता येत नाही, एवढेच.

आता रुग्णालये. सार्वजनिक व्यवस्थेत हृदयशस्त्रक्रिया ऑकलंड, हॅमिल्टन, वेलिंग्टन, ख्राइस्टचर्च आणि डनीडिन येथे होते. शिकारीची मासिके ज्या गावांची छायाचित्रे छापतात ती यांपैकी एकही नव्हे. ‘ते आनाऊ’ नावाचे गाव हे नैर्ऋत्येकडच्या फिओर्डलंड या डोंगराळ प्रदेशाचे दार आहे. तिथून इन्व्हरकार्गिलचे रुग्णालय दीडशे किलोमीटरवर, आणि पुढे डनीडिन आणखी दोनशेवर. पश्चिम किनाऱ्यावरच्या हास्टमध्ये राहणाऱ्याला ग्रेमाउथचे रुग्णालय गाठायला तीनशे किलोमीटर घाटवाट आणि किनारा तुडवावा लागतो. निरोगी पंचविशीतल्या पोराने अशा ठिकाणी खुशाल राहावे. आपण तिकडे आठवड्याची सहल काढावी, बिऱ्हाड थाटू नये.

मी जिथे राहतो ते पामर्स्टन नॉर्थसुद्धा मी आपणांस सुचवणार नाही. गाव उत्तम आहे, प्रादेशिक रुग्णालय आहे, रुआहिने आणि तारारुआ या डोंगररांगा दाराशी आहेत, घरभाडे मोठ्या शहरांपेक्षा कमी आहे. तरीही छातीची शस्त्रक्रिया म्हटली की वेलिंग्टन, म्हणजे सुमारे एकशे चाळीस किलोमीटर. कोल्हापूरकरांची जुनी पिढी मोठ्या आजाराला मिरज गाठत असे, त्यापेक्षा हे अंतर बरेच जास्त आहे.

आपणांसाठी माझी पहिली पसंती ख्राइस्टचर्च. तिथल्या रुग्णालयाची वाईपापा ही नवी इमारत नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली आणि तिच्या गच्चीवर हेलिकॉप्टर उतरते. पूर्वी ते हॅगली पार्कच्या मैदानात उतरत असे आणि तिथून रुग्ण गाडीने आणावा लागे. आता गच्चीवरून तो लिफ्टने थेट खाली उपचारकक्षात नेला जातो. डोंगरात छातीत कळ आलेल्या माणसाच्या बाबतीत ही वाचलेली मिनिटे लहान नाहीत. शिकारीच्या दृष्टीने पाहिले तर लेक समनरचे वनोद्यान आणि लुइस पासचा परिसर तांबड्या हरणासाठी चांगला, उत्तर कँटरबरीत रानडुकरे, आणि दक्षिणेला वाइमाटेच्या टेकड्यांवर वॉलबी, म्हणजे कांगारूसारखा लहान प्राणी. वॉलबीला कोणी मोठी शिकार म्हणणार नाही, पण चढ बेताचा, गाडी जवळ, आणि शेतकऱ्याला तिचा उपद्रव असल्यामुळे नीट ओळख झाली की तो स्वतः बोलावतो. स्टेंट बसलेल्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी. ताहर मात्र मनातून काढून टाकावा. तो राकाइया आणि रांगितातासारख्या नद्यांच्या उगमाकडच्या कड्यांवर राहतो आणि त्याच्यामागे जाणाऱ्याची छाती बैलासारखी लागते. थंडी आणि भूकंप या ख्राइस्टचर्चच्या दोन उणिवा आहेत. २०११ च्या भूकंपानंतर शहराचा मध्यभाग मोठ्या प्रमाणात नव्याने उभा राहिला आहे, हे ध्यानात असू द्यावे.

थंडी अगदीच सोसत नसेल तर हॅमिल्टन. वाइकाटो रुग्णालय मोठे आहे, आणि दक्षिणेला पुरेओराच्या जंगलात तांबडी हरणे व रानडुकरे आहेत. सिका हरणासाठी ताउपोच्या पलीकडे काइमानावापर्यंत जावे लागते, तेव्हा तो बेत मुक्कामाचाच ठेवावा.

इतर देशांविषयी आपण ओझरते विचारले आहे. कॅनडातील अल्बर्टात मूस आणि एल्क आहेत, एडमंटन आणि कॅल्गरीत उत्तम रुग्णालये आहेत, पण शिकारीला हंगाम आणि अनेक परवान्यांना सोडत, शिवाय हिवाळा हाडे गोठवणारा. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात सांबराची शिकार वर्षभर चालते, मात्र नागरिकत्व नसलेल्यांना बंदुकीचा परवाना देण्याबाबतचे ताजे नियम आधी तपासल्याशिवाय तिकडचा विचार करू नये. अमेरिकेत उपचार नोकरीच्या विम्याला बांधलेले असतात. नोकरी सुटली की हृदयरुग्णाची झोप उडते.

आता व्हिसाचा अडसर, कारण खरी परीक्षा इथे आहे. अर्ज आपल्या पत्नींच्या नावाने व्हावा. नोंदणीकृत परिचारिका हा व्यवसाय तिथल्या ग्रीन लिस्टमध्ये, म्हणजे टंचाई असलेल्या व्यवसायांच्या सरकारी यादीत, आहे आणि मान्यताप्राप्त मालकाकडे नोकरी मिळाल्यास थेट निवासाचा अर्ज करता येतो. अलीकडे परदेशी परिचारिकांची भरती आखडली आहे, त्यामुळे नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि इंग्रजीची परीक्षा हाती असल्याखेरीज भारतातली नोकरी सोडू नये. अर्जात नाव असलेल्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते. पाच वर्षांत सरकारवर ८१,००० न्यूझीलंड डॉलरपेक्षा अधिक उपचारखर्च पडेल असे दिसल्यास अर्ज अडतो, आणि तीव्र स्वरूपाचा हृदयरोग ते गंभीरपणे घेतात. एक स्टेंट म्हणजे नकारच असे मुळीच नाही. परंतु आपल्या हृदयरोगतज्ज्ञांकडून ताजा इको, स्ट्रेस टेस्ट आणि प्रकृती स्थिर असल्याचे सविस्तर पत्र आधीच घेऊन ठेवावे. अँजिओग्राफीची सीडी आणि डिस्चार्ज कार्ड सोबत असावे, आणि औषधांची यादी मूळ रासायनिक नावांनी करून घ्यावी, कारण आपल्याकडचे ब्रँड तिथे कोणी ओळखत नाही.

तिथे गेल्यावर कोल्हापूरची एक सवय सोडावी लागते. कोल्हापुरात संध्याकाळी नंबर लावला की रात्री आठपर्यंत हृदयरोगतज्ज्ञ भेटतात आणि दुसऱ्या दिवशी तपासण्यांचे कागद हातात असतात. न्यूझीलंडमध्ये सार्वजनिक व्यवस्थेत प्रथम जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि त्यांच्या चिठ्ठीनंतर तज्ज्ञ. तातडी नसेल तर महिनोन्महिने वाट पाहावी लागते. कित्येक दवाखाने नवे रुग्ण घेतच नाहीत. म्हणून घर भाड्याने घेण्यापूर्वी त्या भागातल्या दवाखान्यांना फोन करून नावनोंदणी चालू आहे का, हे विचारावे. जीपीच्या भेटीचे पैसे पडतात. रुग्णालयातले उपचार निवासी माणसाला मोफत आहेत. चिठ्ठीतल्या प्रत्येक औषधाला साधारण पाच डॉलर लागतात.

आणखी एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा. एसीसी नावाची सरकारी योजना १९७४ पासून अपघातांचा खर्च उचलते, चूक कोणाची हे न पाहता, आणि पाहुण्यांनाही ती लागू आहे. शिकारीत घसरून पाय मोडला तर एसीसी. त्याच उतारावर हृदयविकाराचा झटका आला तर तो आजार, अपघात नव्हे. म्हणून निवासाचा दर्जा मिळेपर्यंत आधीचे हृदयदुखणे मान्य करणारा विमा घ्यावा, आणि त्याची कलमे पत्नींनी वाचावीत, कारण शिकारीच्या उत्साहात आपण ती वाचणार नाही अशी मला शंका आहे.

बंदुकीच्या परवान्यासाठी लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि घराची पाहणी असते. आपल्या पत्नींची मुलाखत होईल, आणि आपल्या डॉक्टरांचे नाव द्यावे लागेल. परवाना दिल्याचे त्यांना कळवले जाते. पाहणीला आलेला अधिकारी कपाट हाताने ओढून पाहतो. घरे लाकडी सांगाड्याची असतात, तेव्हा कपाट नुसत्या भिंतीच्या जिप्सम बोर्डाला नव्हे तर आतल्या खांबाला बोल्टने जखडलेले हवे, काडतुसे वेगळ्या कुलपात हवीत. भाड्याच्या घरात भोके पाडायची म्हणजे घरमालकाची लेखी संमती आधी काढावी. पहिला परवाना पाच वर्षांचा असतो. २०१९ च्या ख्राइस्टचर्चमधील मशिदींवरच्या हल्ल्यानंतर मोठ्या काडतुसांच्या अर्धस्वयंचलित रायफली जवळपास बंद झाल्या आणि २०२३ पासून प्रत्येक बंदुकीची नोंद करावी लागते. हरणासाठी साधी बोल्ट रायफल पुरते. संवर्धन खात्याच्या जमिनीवर रात्री दिवा मारून शिकार करणे गुन्हा आहे. उपद्रवी प्राणी मारायचे १०८० हे विष जिथे टाकले असेल त्या भागातले मांस खायचे नाही. त्याचे नकाशे खात्याकडे मिळतात आणि निघण्यापूर्वी ते पाहणे प्रत्येक शिकाऱ्याचे काम आहे. स्वतः मारलेले मांस विकता येत नाही, वाटता येते. हरणाच्या फऱ्याला चरबी नसते, तेव्हा कांदा-लसूण मसाल्यात मंद आचेवर तीन तास शिजवल्याशिवाय त्याचे सुके होत नाही. पांढऱ्या रश्शाला तर हाडेच घ्यावीत.

एकट्याने रानात जाऊ नये, आणि ४०६ मेगाहर्ट्झचे लोकेटर बीकन, म्हणजे संकटात मदतीचा संदेश धाडणारे यंत्र, पाठपिशवीत न ठेवता अंगावर बांधावे. डोंगरात मोबाइल लागत नाही. शिकारीच्या ठिकाणापासून गाडीपर्यंत चालत किती वेळ लागतो, हे घरून रुग्णालयापर्यंतच्या अंतराइतकेच आपल्यासाठी मोलाचे आहे. तो पाऊण तासापेक्षा अधिक ठेवू नये, असे मी माझ्या स्टेंटवाल्या मित्रांना सांगतो आणि ते ऐकतात.

सगळे ठरवण्याआधी एक पाहणी दौरा करावा. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये तांबडी हरणे माजावर असतात आणि डोंगर डुरकण्यांनी भरतो, तेव्हा तोच काळ धरावा. परवाना नसलेल्या पाहुण्यालाही परवानाधारकाच्या थेट देखरेखीखाली बंदूक चालवता येते, त्यामुळे ख्राइस्टचर्चला तीन-चार दिवस काढून एक दिवस वाइमाटेकडे, एक दिवस लेक समनरकडे जावे. त्याच दिवसांत पत्नींनी तिथल्या परिचारिकांशी भरतीविषयी बोलून घ्यावे आणि दोन दवाखान्यांत नावनोंदणीची चौकशी करावी. तारखा ठरल्या की कळवा, रायफल आणि बीकनची सोय मी करतो.