गाडीतलं कूलंट हळूहळू कमी होतंय, पण खाली थेंबही दिसत नाही. गळती कुठं शोधायची?

तुम्ही लिहिलंय की गाडी 14 वर्षांची आहे, आठ-दहा दिवसांत बाटलीतली पातळी बोटभर उतरते, पार्किंगची फरशी कोरडी असते आणि गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) गेलंय. माझ्या जुन्या वॅगनआरबद्दल मी हेच ऐकलं होतं. हेड उतरवायचा दिवसही ठरला होता. शेवटी निघालं काय, तर हीटरच्या पाइपची ढिली पडलेली क्लिप!

फरशी कोरडी आहे म्हणून गळती नाही, असं समजू नका. इंजिन तापलं की आतलं कूलंट दाबाखाली येतं. रेडिएटरच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो या दाबाचाच. त्या दाबानं बारीक फटीतून सुटलेला थेंब गरम लोखंडावर पडतो आणि तिथंच आटतो. म्हणून ओल नाही, डाग शोधायचा. बोअरच्या पाण्याच्या नळाला क्षार चढतात ना, तशी पांढरट-हिरवी खपली. माझ्या गाडीत ती इंजिनच्या मागच्या अंगाला होती, वरून दिसायचा प्रश्नच नाही. मोबाइलवर टॉर्च लावून व्हिडिओ सुरू केला आणि हात फटीत घालून फिरवला, तेव्हा सापडली.

त्याआधी मी एक येडेपणा केला होता, तोही सांगतो. कुणीतरी म्हणालं, रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाक, गळती बसते. आपल्या कोल्हापूरला सांगली शेजारी, घरात हळदीला काय तोटा! गळती काही बसली नाही, उलट हीटरच्या बारीक नळ्यांतला गाळ साफ करायला वेगळे पैसे मोजले.

तुम्ही आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. उद्यमनगरात रेडिएटरची कामं करणाऱ्यांकडे चौकशी करा. गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी न्या. गरम रेडिएटरचं झाकण कुणालाही उघडू देऊ नका, उकळतं पाणी तोंडावर येतं. झाकणाच्या जागी गेज असलेला हातपंप बसवतात, झाकणावरच्या आकड्याएवढाच दाब देतात आणि पंधरा मिनिटं थांबतात. माझी सुई पाचव्या मिनिटालाच खाली यायला लागली, आणि इंजिन थंड असल्यामुळं क्लिपखाली थेंब न आटता टपोरा होऊन लोंबला. झाकणही तपासून घ्या. त्याचं रबर कडक झालं असेल तर दाब टिकत नाही, आणि नवीन झाकण स्वस्तात येतं.

क्लिपा ठीक निघाल्या तर वॉटर पंपाखालचं बारीक भोक बघा. आतलं सील गेलं की तिथून पाझरतं. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी अॅल्युमिनियमला दाबून बसवलेली असते, तो जोडही बघा. शेजारच्या सीटखालचं कार्पेट चिकट लागलं किंवा काचेवर गोडसर वासाचं धुकं धरलं, तर हीटरची जाळी गेलीय. नुसतं स्वच्छ पाणी दिसलं तर ते एसीचं.

पातळी भरताना नळाचं पाणी नको, कूलंटच घाला. सांडलेलं लगेच धुवून टाका. चवीला गोड असतं पण विषारी, आणि गल्लीतली कुत्री चाटतात.

आता हेड गॅस्केट. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. आपल्या पावसाळ्यात गाडी नुसती रंकाळ्यापर्यंत नेऊन आणली तरी दमटपणानं तशी साय धरते. पण डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल, थंड इंजिन झाकण काढून सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबतच नसतील, किंवा प्रेशर टेस्टमध्ये सुई उतरतेय आणि बाहेर कुठंच ओल नाही, तर मात्र गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं असू शकतं. यातलं काही दिसेपर्यंत हेडला हात लावू देऊ नका.