खणाचा खटका : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : कपाटाचे खण पूर्ण आत ढकलले तरी बोटभर पुढे येऊन थांबतात. लॉकवाली चॅनेल (खण ज्यांवर सरकतो त्या, एकात एक बसणाऱ्या धातूच्या पट्ट्या) बसवून घ्यावीत का?

उत्तर : इतक्यासाठी लॉक नको. साध्या टेलिस्कोपिक चॅनेलमध्ये लॉक नसतंच. मागच्या टोकाला रबराचा किंवा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो आणि खण बंद होताना आतली पट्टी त्यात दाबून बसते. ही नुसती पकड आहे. ती जरा ओढलं की सुटते. खरं लॉक म्हणजे हाताने खटका दाबल्याशिवाय न सुटणारं. दुकानात दोन्हीला सर्रास ‘लॉक’ म्हणतात आणि तिथेच खरेदी चुकते.

आधी रिकामा खण सरकवून पाहा. रिकामा असतानाही पुढे येत असेल, तर कपाटावर लेव्हल (सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी) ठेवा. कपाट पुढे झुकलेलं असलं तर पुढच्या पायांखाली पातळ पट्टी सारली की काम झालं. कपाट सरळ असेल, तर खण बाहेर काढून मागे पाहा : खाली पडलेला कागद, वायर, किंवा खणाची मागची फळी चॅनेल संपण्याआधीच कपाटाच्या पाठीला टेकणं. मागे काहीच अडत नसेल, तर रबर कडक झालंय किंवा निसटलंय.

सॉफ्ट-क्लोज चॅनेल असेल तर कारण वेगळं. शेवटचे साधारण 4 ते 5 सेंटिमीटर खण ओढून घेणारी स्प्रिंग खणाशिवायच सुटून बसलेली असते. खण एकदा जोरात, शेवटपर्यंत आत दाबा. स्प्रिंगचा आकडा खणाच्या खुंटीत पुन्हा अडकतो.

प्रश्न : कामाच्या टेबलाखाली बाहेर ओढायची फळी हवी होती म्हणून उघडल्यावर लॉक होणारी चॅनेल बसवली. उजवीकडचा खटका टक् असा बसतो, डावीकडचा बसतच नाही. डावं चॅनेल खराब निघालं का?

उत्तर : बहुधा नाही. चॅनेल बदलण्याआधी मोजपट्टी काढा.

नेहमीचं बाजूला बसणारं चॅनेल 12.7 मिलिमीटर जाड असतं. दोन्ही बाजूंची जाडी आणि किंचित मोकळीक धरून फळी किंवा खणाची पेटी कपाटाच्या आतल्या रुंदीपेक्षा 26 मिलिमीटरने कमी हवी. आतली रुंदी 450 असेल तर पेटी 424. जड कामाच्या लॉकिंग चॅनेलची जाडी बहुतेक वेळा 19 मिलिमीटरच्या आसपास असते, मग हीच वजाबाकी 38–39 वर जाते. जुन्या मापाच्या पेटीला नवं जड चॅनेल लावायचा हट्ट इथेच फसतो.

फळी आणि कपाटाच्या बाजूमधली फट जास्त झाली की चॅनेलच्या पट्ट्या आडव्या ताणल्या जातात. फळी सरकते, कुरकुरही करत नाही, पण खटक्याची जीभ खाचेपासून केसभर लांब राहते. म्हणून दोष खटक्याचा वाटतो. फट पुढे आणि मागे, दोन्हीकडे मोजा. पुढे 13 आणि मागे 15 निघाली तर कपाटाची बाजू बाहेर झुकली आहे. कपाटाच्या बाजूला बसणाऱ्या पट्टीमागे सनमायक्याचा तुकडा घाला. मात्र प्रत्येक स्क्रूच्या जागी आधार द्या. एकाच ठिकाणी दिला तर पट्टी वाकते आणि नवीन त्रास सुरू होतो.

फट बरोबर असूनही एकच बाजू लागत असेल, तर दोन्ही चॅनेल कपाटाच्या पुढच्या कडेपासून सारख्या अंतरावर आहेत का ते पाहा. दोन मिलिमीटरचा फरकही पुरतो : एक खटका खाचेत पोचतो तेव्हा दुसरा अजून वाटेत असतो, आणि पहिला बसला की फळी पुढे येतच नाही. यासाठी चॅनेलवर गोल भोकांबरोबर लांबट भोकंही दिलेली असतात. सुरुवातीला स्क्रू फक्त लांबट भोकांत, अर्धवट आवळून लावा. फळी ओढून दोन्ही खटके एकाच वेळी वाजतात असं जुळवा आणि मगच गोल भोकांत स्क्रू मारा. घाईत बहुतेक जण उलटं करतात.

आणखी दोन गोष्टी. स्क्रूचं डोकं पट्टीत सपाट बसायला हवं. वर राहिलेलं डोकं आतली पट्टी सरकताना खरवडतं. आणि एकाच बाजूच्या खटक्यावर काम चालवू नका. फळीवर जोर आला की ती तिरकी होते आणि सगळा भार त्या एका जिभेवर पडतो.

प्रश्न : साफसफाईसाठी खण काढला. परत घालताना छर्रे गळून पडले. ते भरता येतात का?

उत्तर : नाही. छर्रे धरणारी पातळ जाळी वाकलेली असते, त्यामुळे भरलेले छर्रे टिकत नाहीत. नवी जोडी घ्या, आणि दोन्ही बाजू बदला.

पुढच्या वेळी खण पूर्ण बाहेर ओढा. दोन्ही बाजूंना काळी प्लॅस्टिकची जीभ दिसेल. डाव्या-उजव्या चॅनेलचा सुटा भाग एकच असल्याने एका बाजूची जीभ वर उचलायची असते आणि दुसरीकडची खाली दाबायची. दोन्ही एकाच वेळी दाबून खण सरळ ओढा. परत घालताना कपाटातली मधली पट्टी पूर्ण बाहेर काढा आणि छऱ्यांची जाळी अगदी पुढच्या टोकाला आणा. सगळा अपघात याच ठिकाणी होतो. जाळी मागे राहिली तर खणाची पट्टी तिच्या आत न शिरता तिच्यावर आदळते. दोन्ही बाजू एकदम आत घाला आणि हळू ढकला. शेवटी थोडा जड जाणारच. पण सुरुवातीलाच अडला तर जोर करू नका, बाहेर काढून पुन्हा घाला.

प्रश्न : ऑफिसच्या तीन खणी पेटीत एकच किल्ली आहे. आता किल्ली फिरत नाही, आणि कधीकधी तिन्ही खण उघडत नाहीत.

उत्तर : या पेटीत दोन वेगळ्या यंत्रणा असतात आणि तुमच्याकडे दोन्ही रुसल्या आहेत.

किल्ली फिरली की कुलपामागचा कॅम, म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा छोटा तुकडा, एक उभी पट्टी सरकवतो आणि पट्टीवरच्या खुंट्या प्रत्येक खणाच्या आकड्यात जातात. एखादा खण दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहिला तरी खुंटी आकड्याला टेकून थांबते आणि किल्ली अडते. पकडीने किल्ली फिरवू नका, कॅम तुटेल. तिन्ही खण एकेक करून दाबून पाहा. सर्वांत खालच्या खणामागे पडलेले कागद हा नेहमीचा गुन्हेगार. तरीही अडली तर खालचा खण काढा, किल्ली फिरवा आणि पट्टी हलते का ते पाहा. हलत असेल तर खणावरचा आकडा सैल आहे, हलत नसेल तर कुलूप किंवा कॅम.

दुसरी यंत्रणा एका वेळी एकच खण उघडू देते, म्हणजे पेटी पुढे कोलमडत नाही. एखादा खण जरा बाहेर असला की ती त्याला ‘उघडा’ समजते आणि बाकीचे धरून ठेवते. इथेही तिन्ही आत दाबा. त्रासाला कंटाळून ही यंत्रणा काढून टाकू नका.

प्रश्न : रांगतं मूल आहे. खणांना कोणतं लॉक?

उत्तर : आतून बसणारं चुंबकी लॉक. बाहेरून चुंबकाची किल्ली धरली की खटका सुटतो. बसवण्याआधी खणाच्या पुढच्या फळीआडून किल्ली काम करते का ते हातात धरून तपासा. जाड फळीतून ओढ पोचत नाही, आणि लोखंडी पत्र्याचा खण असेल तर पत्राच ती गिळून टाकतो. नुसत्या चिकटपट्टीवर अवलंबून न राहता स्क्रू मारा. शिवाय कपाट भिंतीला पट्टीने बांधा, कारण उघड्या खणांची शिडी करायला मुलांना वेळ लागत नाही.

प्रश्न : खणाच्या तळाखाली बसणारी चॅनेल आहेत. भरलेला खण मागून उचलला जातो.

उत्तर : पुढचे दोन्ही क्लिप लागलेत, पण मागचे आकडे खणाच्या मागच्या भोकांत गेलेले नाहीत. दोन्ही क्लिप एकत्र दाबून खण पुढून उचला, बाहेर काढा, आकडे भोकांसमोर येतील असा सरळ ठेवून शेवटपर्यंत ढकला. दोन टक् ऐकू यायला हवेत, डावीकडून एक आणि उजवीकडून एक.