वाचक विचारतात : जहाज धक्क्याला, धूर आमच्या खळ्यात

प्रश्न : काका, आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात अगदी खाडीच्या काठावर, समोरच जेटी. जहाज लागलं की तीन-चार दिवस हलत नाही आणि रात्रंदिवस घूंऽऽ आवाज, धुराडं चालूच. खळ्यात सोलं वाळत घातली तर संध्याकाळपर्यंत त्यावर काळे ठिपके. जहाज नुसतं उभं असताना इंजिन कशाला चालू ठेवतात? बंद करायला लावायचा काही कायदा आहे का? जेटीच्या हापिसात विचारलं तर म्हणाले सगळं नियमात आहे.

उत्तर : ताई, तुम्ही ऐकता तो आवाज मोठ्या इंजिनाचा नाही. ते धक्क्याला लागल्यावर बंद होतं. चालू असतात ते जनरेटर, म्हणजे दिवे, पंप, क्रेन, खलाशांचं जेवणखाण सगळं ज्यावर चालतं ते, आणि सोबत एखादा बॉयलर. मी इंजिनरूममधेच वर्षं काढलीत त्यामुळे सांगतो, किनाऱ्यावरून वीज मिळाल्याशिवाय ते पूर्ण बंद करता येत नाहीत, जहाज अंधारात जाईल.

आता "नियमात आहे" याचा अर्थ बघा. जहाजांच्या धुराचा जागतिक नियम म्हणजे मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं सहावं परिशिष्ट, २००५ पासून लागू. त्यात १ जानेवारी २०२० पासून इंधनातलं गंधक जास्तीत जास्त ०.५० टक्के, त्याआधी ३.५० होतं. ऐकायला छान वाटतं पण पंपावर आपण गाडीत भरतो त्या बीएस-सिक्स डिझेलमधे गंधक दहा लाखात १० भाग असतं आणि जहाजाला चालतं ते दहा लाखात ५०००, म्हणजे पाचशे पट! युरोपात बंदरात दोन तासांपेक्षा जास्त थांबणाऱ्या जहाजाला २०१० पासून ०.१० टक्क्यांचं इंधन वापरावं लागतं. आपल्या किनाऱ्यावर तशी वेगळी मर्यादा नाही. म्हणून हापिसातला माणूस खोटं बोलत नाहीये, पण ०.५० टक्क्यांवर त्याचं उत्तर संपतं आणि तुमचा प्रश्न संपत नाही, हे मला मनापासून खटकतं.

हिशोब करून बघू. जनरेटर ५०० किलोवॅटवर चालला तर दिवसाला १२,००० युनिट, युनिटला साधारण २०० ग्रॅमच्या वर तेल, म्हणजे रोजचं अडीच टन इंधन. त्यात ०.५० टक्के गंधक म्हणजे साडेबारा किलो, जळल्यावर त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो दुप्पट वजनाचा, २५ किलो. एका जहाजाचा, एका दिवसाचा. चार दिवस उभं राहिलं तर शंभर किलो, आणि वारा तुमच्याकडे.

पण काळे ठिपके गंधकाचे नाहीत, बहुतेक ती काजळी असते. इंजिनात तेल फवारणारं नोझल खराब असेल किंवा दोन जनरेटर कमी लोडवर एकदम चालवत असतील तर काजळी वाढते. जहाजाच्या स्वतःच्या क्रेन चालू असतील तर दोन जनरेटर लागतातच, एकदम झटका बसतो लोडचा, पण काम थांबल्यावरही दोन्ही चालू ठेवायचं कारण नसतं. ही गोष्ट टर्मिनल, म्हणजे जेटी चालवणारी कंपनी, जहाजाला सांगू शकतं, पैसा लागत नाही. बॉयलरची काजळी उडवण्याचं कामही समुद्रात करायचं असतं, धक्क्याला नाही.

आधी एक करा, ठिपका बोटावर चोळून बघा. तेलकट होऊन पसरला तर बहुतेक काजळी, खरखरीत लागला तर जेटीवर उतरवतात त्या मालाची, कोळशाबिळशाची पूड असेल, आणि मग धरायचं कुणाला तेच बदलतं, कारण पूड ही जहाजाची नाही, टर्मिनलची जबाबदारी. ही काही लॅबची टेस्ट नाही, पण दिशा कळते. मग एक वही घाला. तारीख, वेळ, जहाजाचं नाव (मागे आणि पुढे लिहिलेलं असतं), वारा कुठून, फोटो. वारा लिहायला विसरू नका, दुपारचा खारा वारा धूर गावावर आणतो आणि पहाटेचा मतलई समुद्रात नेतो, म्हणून अधिकारी सकाळी येऊन बघून गेला तर त्याला हवा स्वच्छच दिसणार!

ती वही घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या रत्नागिरीच्या कार्यालयात लेखी द्या. हवेचं राष्ट्रीय मानक आहे, २००९ चं, पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण) चोवीस तासांत ६० मायक्रोग्रॅम आणि सल्फर डायऑक्साइड ८०, दर घनमीटरला. तुमच्या वाडीत मोजणी मागा, ती दुपारीही चालू राहील असं सांगा. आणि जेटीला पर्यावरण मंजुरी मिळालेली असेल तर तिची प्रत ग्रामपंचायतीला द्यावी लागते, शिवाय दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, तो जनतेसाठी खुला असतो. हवेच्या अटींचं पान काढा आणि तुमच्या वहीशेजारी ठेवा. गेल्या काही वर्षांत मी बघितलंय, नुसत्या "धूर येतो" या अर्जाला कुणी विचारत नाही, तारीखवार अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न : काका, मी दापोलीची, एका खासगी टर्मिनलच्या पर्यावरण विभागात नुकतीच लागलेय. साहेबांनी जहाजांच्या धुराचा कंप्लायन्स प्लॅन (नियम कसे पाळणार याचा आराखडा) करायला सांगितलाय आणि नमुना म्हणून कॅलिफोर्नियाच्या नियमाची फाइल दिलीय. आपल्याकडे तो नियमच नाही. सगळे म्हणतात शोअर पॉवर (धक्क्यावरून जहाजाला वीज) लिहून टाक आणि मोकळी हो. कुठून सुरू करू?

उत्तर : अगं, शोअर पॉवर लिहून मोकळी होऊ नकोस. त्या ओळीने एक ग्रॅमही धूर कमी होत नाही.

कॅलिफोर्नियाचा तो नियम, धक्क्याला उभ्या जहाजांचा धूर कमी करायचा, २०२० मधे सुधारला. कंटेनर, रीफर (थंड माल नेणारी) आणि क्रूझ जहाजांना २०२३ पासून, गाड्यांची जहाजं आणि लॉस एंजेलिस-लाँग बीचचे टँकर २०२५ पासून, बाकी टँकर २०२७ पासून, असा टप्प्याटप्प्याने. टर्मिनलांना त्याआधीच, २०२१ मधे, लेखी प्लॅन द्यायला लावला होता. त्यातून तू दोनच गोष्टी उचल. एक, तिथे दर फेरीचा हिशोब आहे, वर्षाची सरासरी नाही, कामाची परवानगी मिळाल्यापासून दोन तासांत जहाज विजेवर किंवा दुसऱ्या मान्य उपायावर आलं पाहिजे. दुसरं म्हणजे जबाबदारी वाटलेली आहे, जहाजाने काय आणायचं, टर्मिनलने काय तयार ठेवायचं, बंदराने काय बांधून द्यायचं. प्लग जुळला नाही तर कुणाची चूक हे आधीच ठरलेलं. आपल्याकडच्या प्लॅनमधे नेमकी हीच जागा कोरी असते.

म्हणून पहिल्या दिवशी एक्सेल उघड आणि मागच्या तीन वर्षांच्या सगळ्या फेऱ्या टाक. जहाज कुठलं, किती तास उभं, परत आलं का, शोअर कनेक्शन आहे का, धक्क्यावरचा लोड किती. जहाजाच्या एजंटाकडून मिळेल, त्याच्या मागे लाग. मला वाटतं तुला दोन गट दिसतील. मोठे बल्कर, म्हणजे कोळशासारखा सुटा माल आणणारी जहाजं, एकदा भाड्याने येतात आणि पुन्हा दिसत नाहीत, त्यांच्यावर कनेक्शन बहुतेक नसतंच, त्यांच्यासाठी कोटींचा प्लग बसवून उपयोग शून्य. आणि दुसरे तुझेच टग (जहाज ओढणाऱ्या बोटी), पायलट लाँच, खाडीतून रोज ये-जा करणारे बार्ज, जे वर्षभर त्याच धक्क्याला येतात. सुरुवात यांच्यापासून कर, त्यांना कमी दाबाची साधी जोडणी पुरते, पुढच्या सहा महिन्यांत दिसेल असा फरक पडतो. केंद्रानेही २०२४ मधे हरित टगची योजना सुरू केलीय आणि तीत आपल्याकडचं जेएनपीए, म्हणजे न्हावाशेव्याचं बंदर, आहे.

मोठ्या जहाजाच्या विजेचं करायचंच असेल तर पहिला अडथळा फ्रिक्वेन्सीचा. आपली वीज ५० हर्ट्झ, बहुतेक जहाजं ६० हर्ट्झवर, मग कन्व्हर्टर लागतो आणि सगळ्यात महाग तोच. मोठ्या जोडणीला ६.६ किंवा ११ केव्हीचा दाब, त्याचं आंतरराष्ट्रीय मानक ८०००५. महावितरणकडून वाढीव लोड मंजूर करून घ्यायला वेळ जातो म्हणून तो अर्ज प्लॅनच्या पहिल्या पानावर ठेव, शेवटच्या नको. आणि कोकणात प्लग पॉइंट लावताना जून ते सप्टेंबरची खारट ओल डोळ्यांसमोर ठेव, कनेक्टर गंजला की पुढच्या हंगामात ती यंत्रणा ताडपत्रीखाली जाते.

बल्करसाठी मग काय? कराराच्या अटी. जहाज भाड्याने घेतानाच लिहून घे की धक्क्यावर ०.१० टक्क्यांचं इंधन वापरायचं, काम नसताना एकच जनरेटर. कायदा नसला तरी करार असतो. तपासायला बंकर डिलिव्हरी नोट (जहाजात तेल भरल्याची पावती, तीत गंधक लिहिलेलं असतं) माग, ती जहाजाला तीन वर्षं ठेवावीच लागते. फक्त एक लक्षात ठेव आणि साहेबांना पण सांग, चांगल्या तेलाने गंधक आणि थोडी काजळी कमी होते, नायट्रोजनचे ऑक्साइड जवळजवळ तसेच राहतात. वरच्या उत्तरातलाच ५०० किलोवॅटचा जनरेटर, २०११ नंतरचा म्हण, त्याची मर्यादा युनिटला ९ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाला शंभर किलोच्या वर. तेल बदलून हा आकडा हलत नाही, त्याला वीजच पाहिजे किंवा लाँग बीचला वापरतात तसं धुराडं झाकून धूर शोषणारं बार्ज.

आणि नांगरावरची जहाजं विसरू नकोस गं. भरतीची वाट बघत, धक्का रिकामा व्हायची वाट बघत दोन दोन दिवस बाहेर उभी असतात, जनरेटर तिथेही चालूच. धक्का मिळणार नसेल तर जहाजाला वाटेतच हळू यायला कळवायचं, हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि तो प्लॅनमधे सहसा कुणी लिहीत नाही.

केंद्राच्या हरित सागर मार्गदर्शिकेत (२०२३) मोठ्या बंदरांसाठी दर टन मालामागचं कार्बन उत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के कमी करायचं लक्ष्य आहे. तुमचं खासगी टर्मिनल त्यात थेट येत नाही, तरी तोच आकडा धर, उद्या विचारणा झाली तर मोजायला आधारवर्ष, म्हणजे ज्या वर्षाशी घट ताडून बघायची ते, तयार असेल. मोजणी आजपासून. आधारवर्ष मागून तयार करता येत नाही.

प्रश्न : मी देवगडचा तांडेल. हे सगळं आमच्या बोटींना पण लावणार का?

उत्तर : भाऊ, मार्पोलच्या या परिशिष्टाचं सर्टिफिकेट ४०० ग्रॉस टन आणि वरच्या जहाजांना लागतं, तुमची बोट त्याच्या खूप खाली. पंपावरचं डिझेल घालत असाल तर गंधकाच्या बाबतीत तुम्ही त्या मोठ्या जहाजापेक्षा कितीतरी स्वच्छ आहात. तरी काळा धूर येत असेल तर नोझल तपासून घ्या, तेवढं डिझेल वाया जातंय.