दिवे लावले की डॅशवरचे काटे वर चढतात: जुन्या गाडीचं अख्खं वायरिंग बदलावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९६७ ची ब्रिटिश गाडी, निगेटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं). डॅशबोर्ड रंगवून परत बसवल्यापासून रात्री दिवे लावले की पेट्रोलचा आणि तापमानाचा, दोन्ही काटे वर चढतात. इंडिकेटरचे दोन्ही हिरवे बाण मिणमिणत राहतात, मीटरमागचे दिवे अंधूक झालेत आणि मधूनच एक फ्यूज उडतो. वायरमन म्हणतोय, सगळं वायरिंग काढून नवीन टाकू.

टाकू नका. निदान हे उत्तर वाचून दोन तपासण्या करेपर्यंत तरी नाही. पहिल्या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे आणि ते तुम्ही स्वतःच लिहिलंय: डॅशबोर्ड रंगवला. त्या काळातल्या पत्र्याच्या डॅशवर मीटरला अर्थ, म्हणजे करंटला बॉडीतून बॅटरीकडे परतायची वाट, मिळते ती बरीचशी पत्र्यातूनच. मीटरच्या पाठीमागे यू आकाराची एक पट्टी असते, तिचे पाय डॅशच्या पत्र्यावर टेकतात आणि वरून खाचा पाडलेला गोल नट हाताने आवळायचा. हे पाय जिथे टेकतात तिथे आता तुमचा नवा, जाड, सुंदर रंग आहे. रंगातून करंट जात नाही. डॅश मुख्य बॉडीला जिथे बोल्टने जोडलाय तिथेही रंगच. कुठे काळी अर्थची वायर असली तर तिचा डोळाही (टोकाची गोल कडी) रंगावरच आवळलेला असणार.

आता एकेक लक्षण बघा. मीटरमागचे छोटे बल्ब साधारण २.२ वॅटचे असतात. चार बल्ब म्हणजे जेमतेम पाऊण अँपियर. पण अर्थच्या वाटेत रंगाने किंवा गंजाने ५ ओहमचा अडथळा आणला, तर तिथेच जवळपास ३ व्होल्ट खाल्ले जातात. बल्बला मग १२ च्या जागी ९ मिळतात आणि बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने पडतो. १० टक्के व्होल्टेज कमी झालं की उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून दिवे अंधूक.

हिरव्या बाणांचं कोडं त्यातूनच सुटतं. त्या बल्बचं एक टोक डॅशच्या अर्थला असतं, दुसरं इंडिकेटरच्या वायरला. डॅशचा अर्थ अडला की मीटरच्या बल्बमधून आलेला करंट बॉडीकडे जायला दुसरी वाट शोधतो. ती वाट म्हणजे बाणाच्या बल्बमधून उलटा, इंडिकेटरच्या वायरने पुढे, आणि बाहेरच्या २१ वॅटच्या बल्बमधून बॉडीला. बाहेरच्या मोठ्या बल्बला एवढ्याशा करंटने काहीच होत नाही, पण डॅशवरचा छोटा बल्ब मिणमिणतो. इंडिकेटरचा स्विच किंवा फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) यात कुठेच येत नाही, त्यामुळे ते बदलून काही साधणार नाही.

दोन्ही काटे वर का चढतात, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत हे दोन काटे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या एका छोट्या स्टॅबिलायझरवर चालतात. पत्र्याची डबी, आत एक द्विधातू पट्टी आणि तिच्याभोवती तापणारी तार. पट्टी तापली की वाकते आणि संपर्क तुटतो, गार झाली की पुन्हा जुळतो. असं चालू-बंद होत सरासरी १० व्होल्ट बाहेर पडतात. मात्र ती तार तापायला डबीला अर्थ हवा. अर्थ कमजोर झाला की तार हळू तापते, संपर्क जास्त वेळ जुळलेला राहतो आणि सरासरी वर जाते. अर्थ पूर्ण गेला तर बॅटरीचं सगळं व्होल्टेज सरळ काट्यांना मिळतं. दिवे लावले की बल्बचा करंट त्याच आजारी अर्थवर येतो, डबीचा वाटा आणखी घटतो आणि काटे चढतात. म्हणून एक खूण लक्षात ठेवा: दोन्ही काटे एकाच दिशेला चुकत असतील तर स्टॅबिलायझर किंवा त्याचा अर्थ. एकच चुकत असेल तर त्या काट्याची वायर, सेन्सर किंवा तो काटा.

मी हे इतक्या खात्रीने लिहितोय कारण माझ्या गाडीत हेच झालं होतं. डॅश रंगवून आणला, जोडला आणि पुढचे तीन आठवडे संध्याकाळी पाठीवर पडून त्याच्याखाली काढले. फ्लॅशर बदलला, स्टॅबिलायझर नवीन घातला, दिव्यांचा स्विच उघडून साफ केला. मल्टिमीटर (व्होल्ट-ओहम मोजायचं यंत्र) बीपवर, म्हणजे वाट जुळलेली असली की आवाज येतो त्या खुणेवर ठेवून प्रत्येक काळी वायर तपासली आणि प्रत्येक वेळी बीप वाजला. इथेच फसलो. बहुतेक मल्टिमीटर ३०-४० ओहमपर्यंतही बीप वाजवतात. ५ ओहमचा सांधा त्यांना उत्तम वाटतो, पण चार बल्ब पेटवायला तोच सांधा नालायक असतो. शेवटी एका संध्याकाळी वायरचा लांब तुकडा घेतला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं आणि दुसरं स्पीडोमीटरच्या पाठीवर टेकवलं. बाण विझले, मीटर उजळले आणि अर्ध्या मिनिटात दोन्ही काटे सावकाश खाली येऊन जागेवर थांबले. वायर उचलली की पुन्हा चढले. कितीतरी वेळ मी नुसता टेकवत आणि उचलत बसलो होतो.

तुम्ही पहिली तपासणी हीच करा. गाडीचे दिवे आणि इग्निशन चालू ठेवा, वायर मीटरच्या पत्र्याच्या अंगाला टेकवा, मागच्या टर्मिनलांना नाही. लक्षणं गेली तर निदान झालं. मग मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल पिन मीटरच्या अंगावर, दिवे चालूच. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर लाल पिन टप्प्याटप्प्याने बॅटरीकडे सरकवत या: मीटर, पट्टी, डॅशचा पत्रा, बॉडी, बॅटरीच्या जाड केबलचा बॉडीवरचा बोल्ट. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, तिथला सांधा खराब. करंट वाहत असताना घेतलेलं हे माप कुठल्याही बीपपेक्षा खरं.

दुरुस्तीही साधी आहे, पण त्याआधी एक गोष्ट कळकळीने सांगतो. डॅशमागे हात किंवा पान्हा घालण्याआधी बॅटरीची बॉडीला जोडलेली केबल सोडा. तुमच्याकडे ती निगेटिव्ह आहे. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी आपली गाडी पाहून खात्री करावी, कारण १९६० च्या दशकात बराच काळ अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बॉडीला असे. या गाड्यांतल्या तपकिरी वायरला सहसा फ्यूजच नसतो. ती बॅटरीकडून थेट इग्निशन आणि दिव्यांच्या स्विचला येते. तुमच्या पान्ह्याने ती पत्र्याला टेकवली तर वायर लाल होईपर्यंत तिला अडवणारं काही नाही. हातातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळही काढून ठेवा.

केबल सुटली की पट्टीचे पाय टेकतात तेवढ्याच जागेचा रंग आतल्या बाजूने पॉलिश पेपरने लख्ख पत्रा दिसेपर्यंत घासा. बाहेरून काही दिसत नाही, रंगाचं दुःख नको. डॅशच्या एका बोल्टखालीही घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीसचा हात फिरवा म्हणजे गंज धरणार नाही. याहून पक्कं काम हवं असेल तर काळ्या वायरची एक माळ करा: प्रत्येक मीटरच्या पट्टीच्या नटखाली एक डोळा, स्टॅबिलायझरच्या स्क्रूखाली एक, आणि शेवटचं टोक बॉडीच्या लख्ख पत्र्यावर. मी तसंच केलं. लाकडाचं पॅनेल असलेल्या डॅशला तर ही माळ हवीच, कारण लाकूड अर्थ देत नाही. एक मात्र पाहा, पेट्रोलच्या आणि तापमानाच्या काट्याचं टर्मिनल या माळेला कुठेही टेकता कामा नये.

मग एखादा बल्ब तरीही अंधूक राहिला तर त्याचा होल्डर बाहेर ओढून घासा. सगळेच अंधूक राहिले तर मंद-तेज करायचं बटण संशयित. आतली तार काळवंडते. ते पंधरावीस वेळा पूर्ण फिरवलं की बऱ्याचदा सुधारतं.

आता उडणारा फ्यूज. हा वेगळा दोष आहे, अर्थ सुधारून तो जाणार नाही. उडणारा फ्यूज हिरव्या वायरींचा असेल तर त्यावर काटे, ब्रेक लाइट, वायपर, इंडिकेटर अशी बरीच मंडळी असतात. जास्त ताकदीचा फ्यूज घालून पाहू नका. जुन्या लुकास (या गाड्यांचे विजेचे भाग बनवणारी कंपनी) फ्यूजवर ३५ अँपियर लिहिलेलं असतं, पण ते उडण्याचं माप आहे. सतत वाहायला त्याची मर्यादा सुमारे १७ अँपियरच. आजचा ३५ लिहिलेला फ्यूज ३५ सतत वाहू देतो आणि मग फ्यूजऐवजी वायर जळते.

प्रत्येक प्रयोगाला एक फ्यूज जाळण्याऐवजी फ्यूजच्या जागी हेडलाइटचा एक बल्ब दोन वायरींनी जोडा. बॅटरी जोडा, इग्निशन चालू, बाकी सगळं बंद. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, आणि त्याच्यातूनच करंट जात असल्याने वायर जळणार नाही. मग एकेक जोडणी सोडत जा. जी सोडल्यावर बल्ब मंद होतो किंवा विझतो, त्या वाटेवर शॉर्ट. तुमचा दोष मधूनच येणारा आहे, तेव्हा बल्ब दिसेल असा ठेवा आणि वायरिंगचा जुडगा हाताने वीतभर वीतभर हलवत जा: बल्कहेडमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) येतो तिथलं रबर, स्टिअरिंगच्या नळीजवळ, वायपरच्या यंत्रणेखाली. स्टिअरिंग फिरवा, ब्रेक दाबा. ब्रेक दाबल्यावर बल्ब थोडा उजळणं साहजिक आहे, भपकन पूर्ण तेजाने पेटणं नाही.

डॅश नुकताच बसवलाय म्हणून सगळ्यात आधी त्याच यू पट्ट्या बघा. माझ्याकडे हिरवी वायर पट्टीचा पाय आणि पत्रा यांच्यामध्ये चिमटली होती. इन्सुलेशनला नखाएवढी खाच होती आणि आत तांब्याचे दोन तंतू चमकत होते. गाडी खड्ड्यात आदळली की तेवढ्यापुरता स्पर्श व्हायचा. दुसरी नेहमीची जागा म्हणजे डॅशखालच्या ट्रेचा किंवा रेडिओचा लांब स्क्रू, जो थेट जुडग्यात घुसतो. आणि मूळ वायरिंगच्या रंगांत न बसणारी कुठलीही वायर दिसली तर ती आधीच्या मालकाने टाकलेली आहे असं धरा आणि टोकापर्यंत मागोवा घ्या.

अख्खं वायरिंग बदलण्यासारखी स्थिती कधी असते तेही सांगतो. वायर वाकवली की इन्सुलेशन तडकून गळतं, दोन-तीन ठिकाणी सोलून पाहिलं तरी वीतभर आतपर्यंत तांबं काळं निघतं, किंवा जुडग्यात वायरी वितळून एकमेकींना चिकटल्यात. यातलं काही असेल तर वायरमनचं खरं आहे आणि मग चालढकल करू नका. नुसती धूळ, चिकट टेप आणि म्हातारं दिसणं हे कारण नव्हे.

सगळं जोडून झालं की बॅटरीची केबल लगेच आवळू नका. आधी तो बल्ब बॅटरीचं निगेटिव्ह आणि सुटी केबल यांच्यामध्ये धरा. दारं बंद, सगळे स्विच बंद, घड्याळ असेल तर त्याची वायर काढलेली. बल्ब जराही पेटला तर डॅशमागे अजून काहीतरी टेकलंय, परत आत शिरा. पेटला नाही तर केबल आवळा, रात्र होऊ द्या आणि दिवे लावून बाणांकडे बघा.