दमा असलेल्या मोठ्या माणसांची शरीराची ठेवण बदलते का? तळपायावरचा भारही बदलतो का?

हो, दमा बरीच वर्षं नीट आटोक्यात नसेल तर ठेवण बदलू शकते.

दम्यात श्वासनलिका आकसतात आणि आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही. छाती फुगलेली राहते, श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू) खाली दाबलं जाऊन सपाट होतं आणि त्याची ताकद घटते. मग मान-खांद्यांचे स्नायू श्वास ओढायला धावून येतात. धाप लागलेल्या माणसाकडे नीट बघा: खांदे कानांकडे चढलेले, मानेच्या शिरा ताणलेल्या, हात गुडघ्यांवर टेकलेले. त्या क्षणी असं वाकून बसणं योग्यच, त्याने श्वासाला मदत होते. पण हे स्नायू रोजच राबले की आखडतात. खांदे पुढे येतात, मान पुढे झुकते, पाठीला बाक येतो.

आता तळपाय. डोकं साधारण ४ ते ५ किलोचं. ते आणि छाती पुढे सरकली की शरीराचा तोल पुढे जातो, आणि भार टाचेवरून चवड्यांकडे सरकू शकतो. शिवाय श्वासपटल कण्याला आधारही देतं. ते श्वासातच गुंतलं की तोल सांभाळणं अवघड होतं. मात्र वजन, पादत्राणं, सपाट तळवे यांचाही परिणाम असतो, त्यामुळे चवडे दुखले की लगेच दम्याला दोष देऊ नका.

ताठ बसल्याने दमा बरा होत नाही, इनहेलर कृपा करून बंद करू नका. डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपिस्टकडून श्वसनाचे आणि छाती मोकळी करणारे व्यायाम शिका. स्टिरॉइडच्या गोळ्या वारंवार घ्याव्या लागल्या असतील आणि उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर हाडं ठिसूळ झाली नाहीत ना हे बघायला हाडांची घनता जरूर तपासून घ्या.